घरच्या घरी सर्व्हरची तालीम

वाचकहो, गेल्या महिन्यात एका आयुष्यमतींचे दोन पानी पत्र आले. त्या अंगणवाडी सेविका आहेत. मुलगी बी.सी.एस. झाली आहे आणि तिला सर्व्हर सांभाळण्याच्या कामात शिरायचे आहे. शहरातल्या एका क्लासने 'व्हर्च्युअलायझेशन व स्टोरेज' या अभ्यासक्रमाची फी साठ हजार रुपये सांगितली. भिशीचे पैसे नुकतेच हाती आले आहेत, आणि ते साधारण तेवढेच आहेत. मुलगी म्हणते, क्लास नको. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात जुना संगणक आणते आणि घरीच शिकते. आईंना कळत नाही की पोर खरे बोलते आहे की आईचे पैसे वाचावेत म्हणून समजूत काढते आहे. शिवाय नातेवाईक म्हणतात, मुलीच्या जातीला पेटी उघडून तारा जोडायचे काम कशाला?

नातेवाइकांचे सोडून देऊ. पोर बरोबर बोलते आहे. मात्र काही अटी आहेत, आणि अशीच विचारणा आणखीही काही पालकांनी केलेली असल्यामुळे या वेळचा सगळा लेख त्याच विषयाला देत आहे.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. पूर्वी कचेरीत एका कामाला एक सर्व्हर असे. पगाराचा वेगळा, ईमेलचा वेगळा, हजेरीचा वेगळा. यातला प्रत्येक सर्व्हर दिवसाचा बराच वेळ रिकामा बसून वीज खात असे. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच दणकट संगणकात अनेक स्वतंत्र संगणक मांडणे. चाळीसारखे समजा. इमारत एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक खोलीला आपले दार आणि आपले कुलूप. एका खोलीत भांडण झाले तरी शेजारच्या खोलीतला स्वयंपाक थांबत नाही. या खोल्यांना 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात, आणि कोणाला किती जागा, किती पाणी हे पाहणाऱ्या प्रणालीला 'हायपरव्हायजर'.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे आयबीएमच्या लोकांनी १९६० च्या दशकातच ती चालवून दाखवली होती, आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने बाजारात आणली. पण ते खोलीभर पसरलेले महागडे संगणक. आपल्या घरांत येतात त्या जातीच्या संगणकांवर हे नीट जमवले ते १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय घातली आणि २००७ च्या फेब्रुवारीत 'केव्हीएम' हा हायपरव्हायजर लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. म्हणजे मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये जे चालते, त्याचाच गाभा कोणालाही फुकट मिळू लागला. मुलीच्या म्हणण्यात दम आहे तो यामुळे.

क्लासबद्दल माझा आकस नाही. चांगला शिक्षक मिळाला तर सहा महिन्यांचे काम दोन महिन्यांत होते. पण क्लासमध्ये एका यंत्रावर चार-चार विद्यार्थी बसतात आणि कोणालाही ते यंत्र मोडू दिले जात नाही. नोकरीत तर मुळीच नाही. नव्या माणसाच्या हाती चालू सर्व्हरची किल्ली कोण देईल? आणि ही विद्या तर मोडल्यावरच कळते. डिस्क मेल्यावर काय दिसते, मध्येच वीज गेल्यावर काय होते, चुकीची फाईल पुसल्यावर पोटात कसा गोळा येतो, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याला आपण मोडू शकतो आणि मोडल्याबद्दल कोणी रागावत नाही असे एक यंत्र घरात असणे, एवढाच या घरगुती प्रयोगशाळेचा अर्थ.

आता अटी. पहिली : लगेच काही विकत घेऊ नये. घरात जो संगणक किंवा लॅपटॉप आहे त्यावर 'व्हर्च्युअलबॉक्स' हा फुकट कार्यक्रम चढवावा आणि त्यात लिनक्सची दोन लहान यंत्रे चालवावीत. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, प्रत्येकी एक जीबी दिली तरी, दोन सहज चालतात. ती यंत्रे एकमेकांशी बोलतील अशी जोडावीत, एकावर फाईल ठेवून दुसरीवरून उघडावी. महिनाभर रोज तासभर हे केले आणि तरी उत्साह टिकला, तरच पुढे जावे. हा महिना फुकटचा आहे, आणि आवड खरी की हौस, ते आईलाही दिसते.

दुसरी अट यंत्राच्या निवडीची. कंपन्यांनी काढून टाकलेले मोठे रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतात आणि पोरांना त्यांचा भारी मोह होतो. दोन खोल्यांच्या घरात ते आणू नये. पहिले कारण आवाज. त्याचे पंखे डेटा सेंटरसाठी केलेले असतात. आजोबांची झोप आणि धाकट्याची दहावी, दोन्ही जातील. दुसरे कारण वीज. दीडशे वॅट घेणारा सर्व्हर दिवसरात्र चालला तर महिन्याला १०८ युनिट जळतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर गेले की पुढच्या युनिटांचा दर चढतो, म्हणजे घरातले बाकीचे बिलही त्या टप्प्यात ढकलले जाते. उलट, कचेऱ्यांतून बाहेर पडलेले डेल, एचपी, लेनोव्हो यांचे वहीएवढ्या आकाराचे लहान डेस्कटॉप रिकामे असताना साधारण दहा-वीस वॅटवर भागवतात. पंधरा वॅट धरले तर महिन्याला अकरा युनिटांच्या आत. आवाज जवळजवळ नाहीच. टीव्हीशेजारी ठेवले तर पाहुण्यांना सेट टॉप बॉक्स वाटेल.

घेताना चार किंवा सहा कोअरचा प्रोसेसर, आणि रॅम सोळा जीबी तरी असावी. बत्तीसपर्यंत वाढवता येते का ते विचारून घ्यावे. रॅमवर कंजुसी करू नये, कारण खोल्या किती मांडता येतील हे बहुधा रॅमच ठरवते. रकमा मात्र इथे छापत नाही. जुन्या मालाचे भाव सारखे हलतात, आणि २०२५ च्या उत्तरार्धात तर मेमरीचे भाव जगभर चढले. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला, निदान तीन दुकाने फिरल्याशिवाय पैसे काढू नयेत. इतर शहरांतही जुन्या संगणकांची एखादी गल्ली असतेच. दुकानातच यंत्र चालू करायला लावावे. बायॉसमध्ये शिरून पाहावे. कचेरीतल्या यंत्रांना पासवर्ड घातलेला असतो, आणि तो दुकानदाराला माहीत नसेल तर यंत्र तिथेच ठेवून यावे. डिस्क किती तास चालली आहे आणि तिचे किती भाग खराब झाले आहेत, हे दाखवणारे लहान कार्यक्रम मिळतात. तो आकडा डोळ्यांनी पाहावा. मुलगी एकटी गेली आणि दुकानदार तिच्याशी न बोलता सोबतच्या भावाशी बोलू लागला, तर भावाला बाहेर चहाला पाठवावे.

यंत्र घरी आल्यावर त्यावर 'प्रॉक्समॉक्स' ही प्रणाली बसवावी. ही व्हिएन्नाच्या एका कंपनीची असून २००८ पासून आहे. पोटात तोच केव्हीएम आहे, आणि सगळा कारभार शेजारच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधून करता येतो. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. ही प्रणाली बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून घरच्या कागदपत्रांच्या लॅपटॉपवर ती चुकूनही बसवू नये. दुसरे, पहिल्याच दिवशी अपडेट घेताना चूक दिसते, कारण ती मूळची पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या भांडारातून अपडेट मागते. भांडार बदलून बिनवर्गणीचे करावे, काम होते. पुष्कळ नवशिके इथेच हात टेकतात. तसेच बायॉसमध्ये प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असेल तर ती चालू करून घ्यावी.

क्लासची पत्रिका पाहिली तर तीत बहुधा एकाच कंपनीच्या मालाचे नाव असते. त्यावरून एक घडलेली गोष्ट सांगतो. वर व्हीएमवेअरचे नाव आले आहे. ती कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली. महिनाभरात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले आणि वर्गणीची पद्धत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिकणाऱ्यांच्या उपयोगाची 'ईएसएक्सआय'ची फुकट आवृत्तीही बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये ती पुन्हा दिली. मधल्या काळात किती घरगुती प्रयोगशाळा उलट्यापालट्या झाल्या असतील! व्हीएमवेअर शिकू नये असे मी म्हणत नाही. पुष्कळ कचेऱ्यांत ते आहे आणि तिथे त्याची विचारणा होते. पण आभासी डिस्क कशी असते, आभासी नेटवर्क कसे जोडतात, चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबता कसे हलवतात, हे एका ठिकाणी नीट कळले की दुसरीकडे फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात.

आता स्टोरेज. पोरांचे लक्ष व्हर्च्युअल मशीनवर असते, कारण ती पडद्यावर दिसतात. पण मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो डिस्कवर येतो. एक डिस्क गेली तर काय कराल? दुसरी जाताना कळेल का? बॅकअप शेवटचा कधी उतरवून पाहिला?

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त अनेक डिस्का एकत्र जुंपाव्यात आणि त्यातली एक मेली तरी माहिती वाचेल अशी रचना करावी, असे त्यात होते. तीच आजची 'रेड' पद्धत. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू आहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'झेडएफएस' तयार केली, ती २००५ मध्ये लोकांपुढे आली. झेडएफएसची खुबी अशी की ती माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत एक पडताळणीची खूण ठेवते आणि वाचताना दरवेळी जुळवून पाहते. डिस्क मेली तर कोणालाही कळते. डिस्क जिवंत आहे, हसतमुख आहे, आणि गुपचूप चुकीची माहिती देते आहे, हे मात्र अशा खुणेशिवाय कळत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस आयतीच मिळते.

याचा प्रयोग करायला चार डिस्का लागत नाहीत, आणि हे क्लासवाले फारसे सांगत नाहीत. झेडएफएस साध्या फाईलींनाही डिस्क मानते. एकेक जीबीच्या चार रिकाम्या फाईली तयार कराव्यात, त्यांचा 'रेड-झेड' प्रकारचा साठा बनवावा, आणि त्यात निरुपयोगी फोटोंच्या प्रती ठेवाव्यात. मग 'डीडी' ही आज्ञा वापरून त्यातल्या एका फाईलच्या मधल्या भागात कचरा लिहावा. (फाईलचे नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबावे, डीडी पुन्हा विचारत नाही.) आता 'स्क्रब' ही तपासणी चालवावी आणि साठ्याची स्थिती पाहावी. चुकांच्या रकान्यात आकडा चढलेला दिसेल, आणि फोटो मात्र सगळे शाबूत. कारण उरलेल्या तिघांकडून झेडएफएसने मूळ माहिती उभी केली आणि खराब जागा दुरुस्तही केली. यानंतर पुन्हा कचरा लिहावा, पण या वेळी दोन फाईलींत, आणि दोन्हीकडे त्याच मधल्या भागात. आता काही फोटो जातात, आणि कोणते गेले त्यांची नावे तीच प्रणाली देते. एका संध्याकाळचे काम आहे. 'एक डिस्क जाईपर्यंत सुरक्षित' या शब्दांचा अर्थ त्यानंतर कधी विसरत नाही.

'थिन प्रोव्हिजनिंग' असाच एक प्रकार आहे. तो पतपेढी पाहिलेल्या माणसाला लगेच कळतो. शंभर सभासदांना प्रत्येकी पन्नास हजारांच्या कर्जाची हमी दिली आहे, तिजोरीत मात्र दहा लाखच आहेत. सगळे एकदम मागत नाहीत तोवर कारभार सुरळीत. तसेच पाचशे जीबीच्या डिस्कवर प्रत्येकी शंभर जीबीची दहा आभासी यंत्रे मांडता येतात, कारण जागा लिहिली जाईल तेव्हाच खर्च होते. पण खरी डिस्क भरली की एकाच वेळी अनेक यंत्रे लिहिताना अडतात किंवा बंद पडतात, आणि प्रत्येक यंत्र आत शपथेवर सांगत असते की माझ्याकडे अजून जागा आहे. हेही एकदा मुद्दाम घडवून पाहावे.

बॅकअपविषयी जरा सविस्तर लिहितो. अमेरिकी मराठी माणसांपासून पुण्याच्या कंपन्यांपर्यंत असंख्य प्रोग्रॅमर ज्यावर आपले काम ठेवतात त्या गिटलॅब या सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी काय झाले पाहा. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याला दुय्यम सर्व्हरवरचा माहितीचा साठा पुसायचा होता. आज्ञा गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली आणि आज्ञा थांबवली, तोवर सुमारे तीनशे जीबी माहिती गेली होती. एवढ्या कंपनीकडे बॅकअप नव्हता का? एक नाही, अनेक प्रकारचे होते. पण रोजचा बॅकअप घेणारा कार्यक्रम आवृत्ती न जुळल्यामुळे मुकाट्याने अपयशी ठरत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. बाकीचे उपायही त्या रात्री धड कामी आले नाहीत. शेवटी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावरून सेवा उभी राहिली. मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने हे सगळे उघडपणे लिहून प्रसिद्ध केले, त्याबद्दल तिचे कौतुकच करावे.

म्हणून मुलीला सांगावे की दर पंधरवड्याला एक व्हर्च्युअल मशीन पुसून टाकायचे आणि बॅकअपवरून ते पुन्हा उभे करायचे. घड्याळ लावायचे. किती मिनिटे लागली, कुठे अडले, काय विसरले, तारीख घालून वहीत लिहायचे. साधी दोनशे पानी वही चालेल. मुलाखतीला ती वही घेऊन जावे. रेड हॅटची 'आरएचसीएसए' ही लिनक्सची परीक्षा तर सरळ यंत्रावर बसवून घेतात. पर्याय निवडायचे प्रश्न नसतात, दिलेली कामे करून दाखवायची असतात. तिला क्लासची सक्ती नाही. भिशीच्या पैशांतले काही बाजूला ठेवायचे असतील तर अशा परीक्षेच्या फीसाठी ठेवावेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जे घरातल्या मोठ्यांनी पाहायचे आहे. घरात सर्व्हर आला की कोणीतरी म्हणतेच, आता सगळे फोटो आणि कागद त्यावरच ठेवू. जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, सातबारा. या कागदांसाठी आपल्या माणसांनी किती खेटे घातलेले असतात! मोडून शिकण्याच्या यंत्रावर त्यांची एकमेव प्रत ठेवू नये. ठेवायचीच तर एक तिथे, एक वेगळ्या डिस्कवर कपाटात, आणि एक दुसऱ्या जागी, मामाच्या घरी किंवा विश्वासू ऑनलाइन साठ्यात. दुसरी जागा कशाला, असे वाटेल. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक आख्खे डेटा सेंटर जळाले. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या त्यांचे काम पुढे चालले. ज्यांची माहिती आणि तिचा बॅकअप त्याच इमारतीत होते, त्यांचे दोन्ही गेले.

विजेचेही तसेच. आपल्याकडे भारनियमन असो वा पहिला पाऊस, वीज न सांगता जाते. झेडएफएस अशा धक्क्याला बरीच तग धरते, पण व्हर्च्युअल मशीनच्या आतला डेटाबेस धरेलच असे नाही. लहान यूपीएस घ्यावा आणि तो यूएसबी तारेने संगणकाला जोडावा. बॅटरी संपत आली की यंत्रे आपोआप रीतसर बंद होतील अशी मांडणी 'नट' नावाच्या फुकट कार्यक्रमाने करता येते. ती केल्यावर प्लग हाताने उपसून खात्री करावी.

दुसरा संगणक कधी घ्यावा? वर्षभर नको. अनेक सर्व्हरांची जोडणी, म्हणजे 'क्लस्टर', शिकायची असेल तर एका प्रॉक्समॉक्सच्या आत आणखी तीन प्रॉक्समॉक्स मांडता येतात. हळू चालतात, पण शिकायला पुरतात. तीनच का, हेही तिथेच कळते. दोघांची जोडी तुटली की खरा कोण हे ठरवायला बहुमत उरत नाही, म्हणून तिसरे मत लागते. पुढे खरोखर दोन संगणक झाले तर हे तिसरे मत रास्पबेरी पायसारखा छोटासा संगणकही देऊ शकतो. बहुमत गेले की क्लस्टर नवे कुठलेही काम सुरू करायला नकार देते. तेही तीनपैकी दोन बंद करून पाहावे.

नेटवर्कचा भाग, म्हणजे स्विच आणि व्हीलॅन, या लेखात मावला नाही. तो पुढच्या अंकी. तोवर त्या महिनाभराच्या फुकट अभ्यासात कोणाला कुठे अडले ते पत्राने कळवावे. पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी, अक्षरन्अक्षर उतरवून पाठवावी.